भाई चिंदरकरांना न दिसलेली शर्यत

खारवण्याच्या भाई चिंदरकरांना जगातल्या निम्म्या गोष्टींची शिसारी येत असे आणि उरलेल्या निम्म्यांची यायची बाकी होती. चहात बुडून लगदा झालेलं बटर बिस्किट, तोंडावर हात धरून शिंकून तोच हात पुढे करणारा पाहुणा, पंगतीत पानासमोर येऊन उभा राहणारा फोटोग्राफर, समुद्रावर येऊन समुद्राकडेच पाठ करून स्वतःचे फोटो काढणारे पर्यटक. यांतलं काहीही समोर आलं की भाईंचं तोंड डाव्या बाजूला सरकायचं आणि आतून "शिरां पडो!" एवढंच बाहेर यायचं. त्यांची बायको सीताकाकू शेजारणींना सांगायची, "ह्येंचा तोंड सरळ बघूचा आसात तर झोपल्यार येवन बघूक व्हया."

पण या सगळ्या किळसवाण्या गोष्टींचा राजा एकच होता. न बघितलेलं 'बघितलं' म्हणून सांगणारा माणूस. तो दिसला की आंबलेल्या ताकाचा वास आल्यासारखे भाई मान फिरवायचे.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. सगळी नोकरी कुडाळच्या एसटी स्टँडवर गेली. वाहतूक नियंत्रक. जाळीच्या खिडकीमागे बसायचं आणि कुठली गाडी कुठे लागली ते माइकवर सांगायचं. गाडी वळणावर स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय भाई तिचं नाव घेत नसत. प्रवासी खवळून जाळीवर हात आपटत, वरचे साहेब म्हणत, "अहो, येतेय म्हणून सांगून टाका, लोक गप्प तरी बसतील." भाईंचं ऑफिसातल्या शुद्ध मराठीत उत्तर ठरलेलं असे, "दिसली की सांगतो." लोक त्यांना शिव्या घालत. मात्र भाईंनी एकदा मालवण म्हटलं, की तेच लोक मान वर करूनही न बघता पिशव्या उचलायचे. भाईंनी आयुष्यात मिळवलेलं म्हणजे एवढंच. घर वडिलांचं होतं, बाग भावाची होती. शब्द तेवढा स्वतःचा होता आणि तो ते काचेच्या बरणीसारखा जपायचे.

निवृत्त होऊन भाई गावी आले आणि लगेच त्यांना काम मिळालं. खारवण्याला माघातल्या जत्रेच्या दिवशी सकाळी समुद्रकाठच्या वाळूत, पुळणीवर, घोड्यांची शर्यत होते. जिंकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर ग्रामदेव रवळनाथाचं निशाण बांधतात, आणि संध्याकाळी तो घोडा पालखीच्या पुढे चालतो. आता मान म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. इथला माणूस एक वेळ जमीन सोडील, पण मान सोडणार नाही. एका वर्षी दोन घोडे जोडीनं आले आणि पुढे कोण यावरून दोन वाड्या अशा जुंपल्या, की पालखी देवळातच राहिली. पुढच्या वर्षी दोन्ही वाड्यांची माणसं भाईंच्या पडवीत हजर. का, तर हा माणूस न दिसलेली गाडीसुद्धा सांगत नाही, घोडा काय सांगणार!

तेव्हापासून शेवटची रेघ भाईंची. रेघ चुन्याची, दोन्ही टोकांना एकेक बांबू रोवलेला. अलीकडच्या बांबूला लागून भाई स्टूल टाकून बसायचे, एक डोळा मिटून दोन्ही बांबू एका ओळीत धरायचे, आणि त्या ओळीत ज्या घोड्याचं नाक आधी घुसेल त्याच्या बाजूनं खांद्यावरचा लाल पंचा झटकन वर. पोरं 'पंचाचो पंचो' म्हणून खिदळायची. पण पंचा वर गेला की वाद संपायचा. हरलेला माणूससुद्धा येऊन भाईंना तंबाखू विचारायचा. भाई ती घ्यायचे नाहीत, कारण हरलेल्याच्या हाताला घोड्याचा घाम असायचा आणि त्याचीही त्यांना शिसारी होतीच.

यंदा जत्रेच्या सकाळी असं धुकं पडलं की दारातली तुळस दिसेना. आंबेवाले मोहोराच्या काळजीनं कपाळाला हात लावून बसले. भाई स्टूल घेऊन पुळणीवर पोहोचले ते समुद्राच्या आवाजाच्या अंदाजानं. स्टूल टाकलं, एक डोळा मिटला, आणि समोर बघितलं तर पलीकडचा बांबूच नाही! रेघ चार हात जाऊन पांढऱ्यात विरघळली होती.

"थांबा," भाई म्हणाले. "सूर्य वर येवंदे. ह्या धुक्यात माका माजो हात दिसणा नाय, घोडो खंयचो दिसतलो?"

पण थांबायला कोणाला वेळ होता? शर्यत सुकतीला, म्हणजे ओहोटीलाच घ्यावी लागते. ओली पुळण तेव्हा घट्ट असते आणि टापा रुतत नाहीत. भरती चढायला लागली की शर्यतीची जागाच पाण्यात जाते. त्यात यंदाचा सगळा थाट यज्ञेशचा. पुळणीच्या कडेला त्याचं रिसॉर्ट. मंडप त्याचा, माइक त्याचा, वरून चित्रण करायला ड्रोन त्याचा, आणि शर्यतीतला तगडा काळा घोडा बादशा, तोही त्याचाच. स्वार खास बाहेरून आणलेला. "भाईनू," तो गोड आवाजात म्हणाला, "पाहुणे कुडाळसून इलेहत, तेंका परत जावचा आसा. तुमची नजर काय आजकालची? तुमका काळोखातसुद्धा दिसता."

अशी तारीफ ऐकली की भाईंना गुळात माशी सापडल्यासारखं व्हायचं. त्यांनी बाबलीकडे बघितलं. बाबली आतल्या वाडीतला काजूवाला, मोसमात पर्यटकांच्या मुलांना पुळणीवर फिरवायला त्यानं तांबडी घोडी ठेवली होती. सोनकी. तिच्यावर स्वार तो स्वतःच. आतल्या वाडीला निशाणाचा मान आजवर कधी मिळाला नव्हता आणि सोनकी यंदा वाऱ्यासारखी पळत होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. निदान हा तरी 'थांबूया' म्हणेल, असं भाईंना वाटलं.

"होवंदे भाईनू," बाबली म्हणाला. "घोडी गरम झाली हा. आता थांबलंव तर ती थंड पडतली."

म्हणजे कोणालाच नको होतं. भाई तोंड वाकडं करून स्टुलावर बसले. खरं तर तिथेच ते उठून घरी गेले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण गावानं बसवलेलं आसन सोडून उठायला मोठी छाती लागते, आणि आसनाचा मोह भाईंनाही होता, तो का लपवा?

लांब सुरूच्या बनाकडे फटाका वाजला. मग बराच वेळ नुसती लाट. मग टापा. ओल्या वाळूतल्या टापा धुक्यात डावीकडून येतात की समोरून, काही कळत नाही. भाईंनी मिटलेला डोळाही उघडला. एकाएकी टापा अंगावर आल्या, तोंडावर ओली वाळू सपकन बसली, काहीतरी मोठं आणि गरम शेजारून गेलं आणि त्याला लागूनच दुसरं. वाळू पुसून भाईंनी बघितलं तेव्हा दोन शेपट्या पांढऱ्यात शिरत होत्या. शेपट्या कोणाच्या, कोण पुढे, कोण मागे, काही समजलं नाही. बाकीचे घोडे तर केव्हा येऊन गेले हेही कोणाला कळलं नाही. एक पुढच्या खाडीच्या तोंडाशी सापडला.

पंचा भाईंच्या खांद्यावरच राहिला.

आणि मग मंडपातून गर्जना उठली, "बादशा! बादशा!" दुसरीकडून तितक्याच जोरानं, "सोनकी!" भाई चक्रावले. रेघेवर बसलेल्या माणसाला दिसलं नाही ते यांना कुठून दिसलं? पण दिसलं होतं बुवा! जो जितका लांब होता त्याला तितकं स्वच्छ दिसलं होतं. मंडपातल्यांना बादशाचं डोकं एक हात पुढे दिसलं. होड्यांजवळ उभ्या असलेल्या आतल्या वाडीच्या लोकांना सोनकी दोन हात पुढे दिसली. पार रस्त्यावर भजी तळणाऱ्या माणसाला तर कढईवरून मान वर करताच सगळी शर्यत दिसली आणि तो झारा हातात घेऊनच साक्ष द्यायला आला. भाईंना त्याच्या झाऱ्यातून वाळूत ठिबकणाऱ्या तेलाची आणि त्याच्या तोंडातून ठिबकणाऱ्या साक्षीची सारखीच घाण वाटली.

यज्ञेशनं ड्रोनचं चित्रण लावलं. पडद्यावर नुसती भाताची पेज. पेजेत एकदा दोन शितं हलल्यासारखी वाटली. "ह्यो बघा बादशा!" यज्ञेश ओरडला. "खंयचो बादशा? ती सोनकी!" होड्यांकडून उत्तर आलं. तेच शीत दोघांचं होतं.

शेवटी सगळे भाईंकडे वळले. कोणीतरी माइक त्यांच्या हातात दिला. माइकला आधीच्या कोणाच्या तरी तोंडाचा वास येत होता. तो लांब धरून भाई म्हणाले, "माका दिसूक नाय."

पुळणीवर हसू फुटलं. लोकांना वाटलं, भाई चेष्टा करताहेत.

"माका दिसूक नाय," भाई पुन्हा म्हणाले. "कोण पयलो इलो तां माका म्हायत नाय. पंचो वर जावचो नाय."

आता मात्र हसू आटलं. यज्ञेशचा गोडवाही आटला. "भाईनू, वय झाला तुमचा. मोतीबिंदू तपासून घेवा. दिसणा नाय तर बसलास कित्याक?" हा शेवटचा प्रश्न खरा होता, म्हणून भाईंना तो जास्त झोंबला. कोणी म्हणालं, पुन्हा पळवा. पण भरतीचं पाणी रेघेच्या चुन्याला लागलं होतं. कोणी म्हणालं, देवाला कौल लावा, मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवी पडली तर बादशा, डावी पडली तर सोनकी. "देवान तुमका डोळे दिल्यान, थोडी लाज पण देवक व्हयी होती," भाई पुटपुटले.

तेवढ्यात बाबलीनं त्यांना हाताला धरून एका उलट्या होडीमागे नेलं. घामानं आणि खाऱ्या पाण्यानं तो चिंब झाला होता. डोळे लाल.

"भाईनू, तुमी फकत माजा नाव घेवा. तुमी म्हटलास तर गाव मानतलो. आतल्या वाडीक एकदा तरी निशाण गावांदे."

"तू पयलो इलस?"

"इलंय तर!"

"बघलंस?"

बाबली गडबडला. "मी घोडीर होतंय. माजा त्वांड तिच्या मानेत. माका कसा दिसतला? पण माका म्हायत आसा ना."

यज्ञेशची भाईंना किळस आली होती, ती सरावाची होती. श्रीमंताचा खोटेपणा गटाराच्या वासासारखा, नाकाला सवय असते. पण बाबली त्यांना आवडायचा. घोडीला आधी पाणी पाजून मग स्वतः पिणारा माणूस हा. आणि तोच आता त्यांच्याकडे त्यांची एकुलती एक वस्तू मागत होता, उसनी नव्हे, कायमची. खोटं बोलून द्या म्हणत होता आणि त्याला ते खोटं वाटतही नव्हतं.

"बाबली," भाई म्हणाले, "तू जिकलं पण आसशीत. माका आनंद होतलो. पण माका दिसूक नाय रे."

"मगे तुमचो उपयोग काय?" बाबली म्हणाला आणि निघून गेला.

इकडे मंडपात बाबू गावकर उठले होते. बाबू म्हणजे गावचे मानकरी, देवापुढे गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. यज्ञेशचे सख्खे मामा. माणूस लोण्याचा, कुठल्याही भाकरीवर पसरेल असा. नारळ हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले, तशी गर्दी आपोआप गप्प झाली. पुरुषांनी चपला काढल्या, बायकांनी पदर घेतले. भाईही होडीमागून येऊन हात जोडून उभे राहिले. निकाल लागो न लागो, गाऱ्हाणं झाल्याशिवाय जत्रेचा दिवस सुरू होत नाही.

"बा देवा रवळनाथा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज तुझी लेकरां हयसर जमलीहत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुळण गरजली.

"आंब्याक मोहोर धरांदे, काजीक बी धरांदे, दर्यार गेलेलो सुखरूप परत येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबूंचा आवाज चढत गेला. गाऱ्हाण्याला एक लय असते. शेवटचं 'म्हाराजा' वर गेलं की ऐकणाऱ्याच्या गळ्यातून 'व्हय' निघतंच. त्याला विचार करावा लागत नाही. इथलं पोर स्वतःचं नाव सांगायच्या आधी 'व्हय म्हाराजा' म्हणायला शिकतं.

"कोणाच्या घरात आजार आसात तर दूर कर, कोणाची वाकडी नजर आसात तर सरळ कर, आनी आजच्या शर्यतीत पयलो इलेलो जो बादशा, तेच्या पाठीर तुझा निशाण चढांदे, तेका तुझ्या पालखीफुडे चलवून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्या पुळणीनं म्हटलं. मंडपानं म्हटलं, होड्यांकडच्यांनी म्हटलं. घोडीचा लगाम धरून उभ्या असलेल्या बाबलीनं डोळे मिटून अगदी भक्तीनं म्हटलं. आणि भाईंनीही म्हटलं. चांगलं खणखणीत, स्टँडवरच्या आवाजात.

म्हणून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. बाबलीचं तोंड उघडंच राहिलं. होड्यांकडून "अरे, अरे" असा आवाज झाला. पण बाबूंनी तोवर नारळ फोडून टाकला होता. पाणी शिंपडत ते हसून म्हणाले, "झाला मां आता? गावान एका तोंडान व्हय म्हटल्यान. देवासमोर म्हटल्यान. आता फिरवतलो कोण? भाईनी पण म्हटल्यानी, मी कानान आयकलंय."

आजवर भाईंना दुसऱ्यांच्या तोंडांची घाण वाटत आली होती. आज जी वाटली ती स्वतःच्या तोंडाची. जिभेवर काहीतरी सडकं ठेवल्यासारखं झालं आणि ते थुंकून जाण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर न दिसलेली गाडी सांगितली नाही, आणि न दिसलेल्या घोड्याला होय म्हणून बसले. तेही माइकशिवाय, कोणी न विचारता. यज्ञेशची माणसं बादशाच्या पाठीवर निशाण बांधायला लागली होती.

भाई तरातरा मंडपात गेले. बाबूंच्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला. वास आला, पण या वेळी त्यांनी तो लांब धरला नाही. डोळे मिटले. गाऱ्हाणं घालायचा मान चिंदरकरांचा नव्हता. तो मोडण्याचं पाप त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"बा देवा रवळनाथा!"

गर्दी दचकून गप्प झाली. सवयीनं हात जोडले गेले.

"आजची शर्यत कोणी जिकल्यान तां माका दिसूक नाय. बाबूक दिसूक नाय, यज्ञेशाक दिसूक नाय, बाबलीक दिसूक नाय. हयसर उभ्या असलेल्या एकाक पण दिसूक नाय. आमी सगळे आंधळे होतंव, आनी आंधळे होतंव म्हणान सांगूक आमका लाज वाटली. मी न बघता व्हय म्हटलंय, ती चूक माजी पदरात घे, आनी आमका दिसूक नाय इतक्या तरी खरां बोलाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

'म्हाराजा' वर गेलं. अगदी जिथे जायला हवं तिथे गेलं. लयीत काही खोट नव्हती.

'व्हय म्हाराजा' आलं नाही.

जुळलेले हात तसेच होते, पण तोंडं मिटलेली. माणसं वाळूकडे बघत होती. बाबू नारळाची शेंडी खुडत होते. भाईंनी डोळे उघडून बाबलीकडे बघितलं. त्याचं निशाण गेलं होतं, त्यानं तरी म्हणावं! पण 'कोणालाच दिसलं नाही' याला व्हय म्हटलं तर सोनकी जिंकली असंही उद्या म्हणता आलं नसतं. बाबलीनं मान फिरवली आणि घोडीच्या आयाळीतली वाळू झाडायला घेतली. ज्या गावाचं तोंड खोट्याला आपोआप उघडलं होतं, ते खऱ्याला असं शिवून बसलं. धुकं विरळ होऊ लागलं होतं आणि एकेक चेहरा स्वच्छ दिसायला लागला होता. इतके सगळे चेहरे एकदम बघायची भाईंची इच्छा नव्हती.

त्यांनी माइक टेबलावर ठेवला, भरतीच्या पाण्यात उभं असलेलं स्टूल उचललं आणि घरची वाट धरली. मागे ताशा सुरू झाला.

सुरूच्या बनापाशी सीताकाकू धापा टाकत त्यांच्या बरोबरीला आली. ती बायकांच्या गर्दीत पुढेच उभी होती. चालता चालता ती हळूच म्हणाली, "अवो, मी म्हटलंय हां. मनातल्या मनात. व्हय म्हाराजा म्हणान."

भाई थांबले. त्यांचं तोंड वाकडं झालं नाही. ते नुसतं उतरलं.

"मनातला देवाक आयकाक येता गो," ते म्हणाले. "तेका तां आधीच म्हायत होता. आयकाचा माका होता."